डॉसमधील जुने पतसंस्था सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालवायचे आहे: व्हर्च्युअल मशीन योग्य की दुसरा मार्ग?

तेरीज यांचा प्रश्न

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत लेखापाल आहे. आमच्या संस्थेचे १९९४ ते २००९ या काळातील सर्व हिशेब क्लिपर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर ठेवलेले आहेत. २००९ मध्ये नवी प्रणाली आली, तेव्हा केवळ अखेरच्या शिल्लक रकमा तिच्यात घेतल्या गेल्या आणि मागचे व्यवहार जुन्या संगणकातच राहिले. एवढी वर्षे त्यांची फारशी गरज पडली नाही. परंतु आता काही जुन्या मुदत ठेवींच्या वारसांनी अर्ज केले आहेत, आणि त्यांना खातेउतारे द्यायचे तर जुन्या खतावणीत शिरण्यावाचून इलाज नाही.

तो संगणक पेंटियम जातीचा असून त्यावर विंडोज ९८ आहे. गेल्या महिन्यात त्याचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) जळाला. दुरुस्ती करणाऱ्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या संगणकाचा एसएमपीएस आणून बसवला आणि यंत्र सुरू झाले, पण हार्ड डिस्कची खरखर ऐकून त्यानेच सुचवल्यामुळे आम्ही डिस्क बाहेर काढून यूएसबी कन्व्हर्टरने सॉफ्टवेअरचा पूर्ण फोल्डर उतरवून घेतला. सगळे मिळून साठ एमबीसुद्धा भरले नाही. सॉफ्टवेअर लिहून देणारे गृहस्थ हा व्यवसाय सोडून बरीच वर्षे झाली आहेत.

नव्या संगणकावर ६४ बिट विंडोज ११ आहे. तेथे प्रोग्राम थेट सुरू केला असता तो या संगणकावर चालू शकत नाही, एवढाच संदेश येतो. म्हणून भाच्याच्या मदतीने व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून त्यात फ्रीडॉस १.३ ही मोफत डॉस प्रणाली टाकली, ३२ एमबी मेमरी दिली आणि फोल्डरची आयएसओ फाइल (सीडीची प्रतिमा) करून ती आत घेतली. प्रोग्राम उघडला. पासवर्ड घेतला, ‘दिवस सुरू करायचा का?’ असे नेहमीप्रमाणे विचारले, मी होय दिले आणि मुख्य मेनू आला. तो निळा पडदा इतक्या वर्षांनी पाहून आनंद झाला, पण पुढे अडचणीच अडचणी आहेत.

खतावणी निवडली की ‘डीबीएफएनटीएक्स/१००१ ओपन एरर’ आणि कंसात ‘डॉस एरर ४’ असे येऊन प्रोग्राम बंद पडतो. नुसता मेनू उघडा ठेवला तरी संगणकाचा पंखा जोरात फिरू लागतो. छपाईचा पर्याय दिल्यास ‘प्रिंटर नॉट रेडी’ असे येते. आमच्याकडे १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे आणि तो नव्या संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला आहे. शेवटची अडचण अशी की, सभासदांची नावे मराठीत असून त्या जागी आडव्याउभ्या रेघा आणि काळे ठोकळे दिसतात. जुन्या संगणकात सी-डॅकचे जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारे) बसवलेले आहे, त्याच्याशी याचा संबंध असावा असा माझा तर्क आहे.

व्हर्च्युअल मशीनचा हा मार्ग मुळात बरोबर आहे का, आणि असल्यास या अडचणी कशा दूर कराव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

घाटमाथा

विंडोज ११ वर प्रोग्राम थेट का चालत नाही हे आधी सांगतो, म्हणजे पर्याय निवडणे सोपे जाईल. ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा एक घटक असे आणि तो प्रोसेसरच्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ या अवस्थेच्या आधारे डॉसचे प्रोग्राम चालवी. ६४ बिट विंडोज चालू असताना प्रोसेसर ज्या अवस्थेत असतो, तीत ही सोय उपलब्धच नसते. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने तो घटक दिलाच नाही, आणि कम्पॅटिबिलिटीच्या खिडकीत कितीही खुणा करून पाहिल्या तरी काही साधत नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती आणि तीत एनटीव्हीडीएम चालूही करता येत असे. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. तेव्हा ती वाट सोडून द्यावी.

व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसरचीच सोय वापरून आतल्या प्रणालीला स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव दिला जातो. इंटेलमध्ये या सोयीला व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून पुढे ती नसेल तर मशीन सुरूच होत नाही, आणि आपले मशीन सुरू होत आहे, म्हणजे ती बायोसमध्ये चालू आहे. मात्र मशीनच्या खिडकीखालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चित्र दिसते का ते पाहा. ते दिसत असेल तर विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागे रांगेत उभे राहावे लागते आहे, असे समजावे. डॉसला तेवढी गतीही पुरते, पण विनाकारण अडखळत असेल तर कारण तेथे शोधावे.

आता ‘डॉस एरर ४’. एका वेळी जितक्या फाइली उघडण्याची परवानगी आहे, त्याहून जास्त फाइली प्रोग्राम उघडू पाहतो आहे, एवढाच याचा अर्थ. पतसंस्थेच्या खतावणीला सभासद, खाती, व्यवहार, व्याजदर अशा दहाबारा डीबीएफ (माहितीच्या फाइली) आणि त्या प्रत्येकीच्या दोनतीन एनटीएक्स (अनुक्रमणिकेच्या फाइली) लागत असतील, तर डॉसची मूळ मर्यादा सहज ओलांडली जाते. उपाय दोन ठिकाणी करावा लागतो आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी करून थांबतात. फ्रीडॉसच्या एफडीकॉन्फिग.सिस या फाइलीत ‘फाइल्स=१००’ अशी ओळ हवी, आणि एफडीऑटो.बॅट या फाइलीत ‘सेट क्लिपर=एफ:१००’ अशी ओळ हवी. (येथे देवनागरीत लिहीत आहे, प्रत्यक्षात या ओळी अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत.) पहिली ओळ डॉसला सांगते, दुसरी क्लिपरला. आपल्या जुन्या डिस्कच्या सी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट अशा दोन फाइली असतील. आपण केवळ सॉफ्टवेअरचा फोल्डर उतरवला, त्यामुळे त्या मागे राहिल्या असाव्यात. त्या मिळाल्या तर मूळ मांडणी करणाऱ्याने कोणते आकडे दिले होते, तेही कळेल.

पंख्याचे कारण गमतीचे आहे. डॉसला रिकामे बसणे ठाऊक नाही. कळ दाबली जाण्याची वाट पाहतानाही ते प्रोसेसरला अखंड ‘दाबली का, दाबली का’ असे विचारत राहते, आणि जुन्या काळी संगणकावर दुसरे काही चालत नसल्याने त्याचे कुणाला काही वाटत नसे. फ्रीडॉसबरोबर येणारा एफडीएपीएम हा छोटा प्रोग्राम एफडीऑटो.बॅटमध्ये ‘एफडीएपीएम एपीएमडॉस’ असा लिहून ठेवला की पंखा बसतो.

फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी दर वेळी आयएसओ करण्याची गरज नाही. डॉससाठी व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स निघालेलेच नाहीत, त्यामुळे शेअर्ड फोल्डर मिळत नाही हे खरे. पण आभासी डिस्क व्हीडीआयऐवजी व्हीएचडी प्रकारची बनवली, तर मशीन बंद असताना तीच फाइल विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जोडता येते आणि एखाद्या पेनड्राइव्हसारखी उघडते. काम झाल्यावर ती न विसरता सोडवावी आणि मगच मशीन सुरू करावे. दोन्हीकडून एकाच वेळी लिहिले गेले तर फॅटचा (डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे या नोंदीचा) खुळखुळा होतो.

छपाई आणि मराठी यांबद्दल माझा अनुभव तोकडा आहे, इतर सांगतील.

---

खटखट

घाटमाथा यांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, तरीही मी आपल्याला व्हर्च्युअल मशीन सोडून एम्युलेटर वापरण्याचा सल्ला देईन. कारण सांगतोच, पण त्याआधी आपल्या प्रश्नातले एक वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, त्याबद्दल बोलू.

‘दिवस सुरू करायचा का?’ या प्रश्नाला आपण होय म्हणालात. व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ बाहेरच्या संगणकाच्या घड्याळावर चालते, म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने २००९ मधल्या शेवटच्या दिवसानंतर थेट आजचा दिवस उजाडला. पतसंस्थांसाठी त्या काळी लिहिलेल्या बऱ्याच प्रोग्राममध्ये दिवस सुरू करताना मधल्या ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरची व्याजआकारणी राहिली आहे का हे पाहिले जाते, आणि राहिली असेल तर ती न विचारता नोंदवली जाते. आपल्या प्रोग्रामने तसे केले असेल तर बचत खात्यांवर सोळासतरा वर्षांच्या व्याजाच्या नोंदी पडल्या असतील, आणि त्या शिलकेचा उतारा वारसाच्या हाती पडला तर पुढचे सारे निस्तरायला आपणच आहात. डीबीएफ फाइलींच्या तारखा आणि आकार मूळ प्रतीशी पडताळून पाहा. मशीनमधली प्रत बिघडली असेल तर ती टाकून द्या आणि मूळ फोल्डरवरून नवी प्रत घ्या. मूळ फोल्डर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि त्यावर काहीही चालवू नका. फाइलींना ‘रीड-ओन्ली’ खूण करून ठेवण्याचा मोह होईल, पण त्याने काम भागत नाही. क्लिपर सहसा फाइल लिहिण्याच्या तयारीनेच उघडतो आणि तसे करता आले नाही की ‘डॉस एरर ५’ देऊन बाहेर पडतो. रोज नवी प्रत काढून वापरावी आणि संध्याकाळी फेकून द्यावी, हेच सोपे. प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी डेट आज्ञेने डॉसची तारीख २००९ च्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी नेऊन ठेवावी. ती ओळ बॅच फाइलीत टाकली की विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

आता एम्युलेटरबद्दल. व्हर्च्युअल मशीन आतल्या प्रोग्रामला खरा प्रोसेसर वापरू देते, तर एम्युलेटर प्रोसेसरसकट सगळा संगणक सॉफ्टवेअरने उभा करतो. त्यामुळे तो संथ असतो. पण १९९४ च्या प्रोग्रामला आजच्या संगणकाची पूर्ण गती देण्यात फायदा कसलाच नाही, तोटा मात्र होऊ शकतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरतात, कारण सुरुवातीला गती मोजणारा त्यांचा भागाकार त्याच्या जागेत मावत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही चूक तशीच येते, एम्युलेटरमध्ये गती कमी करून ती टाळता येते. आपला मुख्य प्रोग्राम क्लिपरचा असला तरी पासबुक छापण्यासाठी कुणी पास्कलमध्ये एखादा तुकडा जोडून दिला असेल, तर हे लक्षात असू द्यावे.

एम्युलेटर म्हणजे डॉसबॉक्स असे सर्वांना वाटते. पण मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी लिहिला गेला आहे, त्याच्या ०.७४ मालिकेत प्रिंटरचा पोर्टच नाही आणि हिशेबाच्या कामाला तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची डॉसबॉक्स-एक्स ही शाखा, किंवा केवळ मजकुराच्या पडद्यावर चालणाऱ्या व्यावसायिक प्रोग्रामसाठी बेतलेला व्हीडॉसप्लस, यांपैकी एक निवडावा. डॉसबॉक्स-एक्समध्ये विंडोजचा फोल्डर सरळ सी ड्राइव्ह म्हणून जोडता येतो, त्यामुळे आयएसओ नको आणि व्हीएचडीही नको. मजकूर ट्रूटाइप फॉन्टमध्ये दाखवता येतो, म्हणजे वय झालेल्या डोळ्यांना ऐंशी कॉलमच्या ओळी नीट वाचता येतात. फाइलींची मर्यादा आणि क्लिपरची ओळ मात्र येथेही द्यावी लागते.

छपाईचा मुद्दा हा या साऱ्यातला खरा कळीचा मुद्दा आहे. आपल्या प्रोग्रामला एलपीटी१ नावाचा पॅरलल पोर्ट हवा आहे, आणि क्लिपरमधले ‘इजप्रिंटर’ हे फंक्शन तो पोर्ट आणि त्यावरचा प्रिंटर सज्ज आहे का हे विचारून मगच पुढे जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पोर्ट नाही, म्हणून ‘प्रिंटर नॉट रेडी’. यूएसबी ते पॅरलल केबल आणून पाहण्याचा विचार मनात येईल. ती आणू नका, कारण ती केबल विंडोजला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, एलपीटी१ म्हणून नव्हे.

डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिग फाइलीत पॅरलल या विभागात पहिल्या पोर्टला ‘फाइल’ असे मूल्य दिले, की प्रोग्राम जे काही एलपीटी१ कडे पाठवेल ते जसेच्या तसे एका फाइलीत साठते. आपला डॉट मॅट्रिक्स विंडोजमध्ये शेअर करा, त्याला एक छोटे नाव द्या, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून ‘कॉपी /बी’ ही आज्ञा वापरून ती फाइल त्या शेअरकडे पाठवा. ‘/बी’ विसरू नका. १३२ कॉलम दाटीने छापण्यासाठी प्रोग्राम आधी १५ क्रमांकाचे चिन्ह पाठवतो आणि शेवटी १८ क्रमांकाचे पाठवून ती दाटी मोडतो. ही चिन्हे कागदावर उमटत नाहीत. प्रिंटर ती आज्ञा म्हणून घेतो. नोटपॅडमधून छापले तर ती वाया जातात, रकाने एकमेकांवर चढतात आणि जमा-नावेची बाजू कुणाची कुठली ते कळत नाही. ‘कॉपी /बी’ ने ती अनाघ्रात पोचतात, आणि सलग कागदावर तोच जुना उतारा तशाच खटखटाटासह बाहेर येतो.

डॉट मॅट्रिक्स नको असेल तर त्याच पोर्टला ‘प्रिंटर’ असे मूल्य द्यावे. मग डॉसबॉक्स-एक्स स्वतः एप्सनचा प्रिंटर असल्याप्रमाणे वागतो, ती चिन्हे समजून घेतो आणि पान चित्राच्या रूपात किंवा विंडोजच्या प्रिंटरवर देतो. लेझरवर ए४ कागदात १३२ कॉलम बसतात, पण अक्षर मुंगीएवढे होते.

---

उंबरठा

थोडे विषयाला जोडून. माझ्याकडे ॲपल सिलिकॉनचे मॅकबुक आहे आणि वडिलांच्या दुकानाचा डीबेस या डॉसच्या डेटाबेस प्रोग्राममधला जुना हिशेब मला उघडायचा होता. येथे व्हर्च्युअल मशीनचा पर्याय मुळातच संपतो, कारण त्या मशीनला आतमध्ये तोच प्रोसेसर लागतो जो बाहेर आहे, आणि येथे बाहेर एआरएम आहे, डॉसला लागणारा इंटेल पद्धतीचा नव्हे. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ या मॅकवर बसतो खरा, पण त्यात एआरएमच्याच प्रणाली चालतात. हे कळेपर्यंत माझा एक रविवार गेला. डॉसबॉक्स-एक्सची मॅकसाठीची आवृत्ती पहिल्या फटक्यात चालली. उद्या संस्थेने एआरएमचा विंडोज लॅपटॉप घेतला तर तेथेही हेच होईल, म्हणून खटखट यांच्या बाजूने माझे एक मत.

---

वेलांटी

मराठी नावांबद्दल. आपला तर्क बरोबर आहे. जिस्ट कार्ड आयएसए खाचेत बसत असे आणि कळफलक, पडदा व प्रिंटर यांच्या मध्ये उभे राहून इंग्रजीसाठी लिहिलेल्या कोणत्याही डॉस प्रोग्रामला देवनागरी दाखवीत असे. प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसे. आपल्या क्लिपरच्या लेखी ते नाव म्हणजे केवळ काही बाइट. कार्ड नाही, तर त्या बाइटना अक्षरांचे रूप देणारे कोणी नाही. नव्या मदरबोर्डला आयएसए खाच नसते आणि व्हर्च्युअल मशीन असो की एम्युलेटर, कार्ड आत नेण्याचा मार्ग नाही. तेव्हा पडद्यावर मराठी दिसावे हा हट्ट सोडून माहितीतून मराठी बाहेर काढावे, असे सुचवतो.

ती नावे बहुधा इस्की या संकेतावलीत (अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या तक्त्यात) असावीत. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. तीत इंग्रजीचे पहिले १२८ संकेत तसेच ठेवून १६१ पासून पुढे भारतीय अक्षरे बसवली आहेत. साध्या डॉसमध्ये १७६ ते २२३ या जागांवर चौकटी काढण्याच्या रेघा आणि ठोकळे असतात, आणि इस्कीची सर्व व्यंजने नेमकी त्याच पट्ट्यात येतात; म्हणून रेघा. तपासून पाहण्याची सोपी रीत सांगतो. आपल्या सभासदांत पाटील आडनावाचे कोणी असणारच. एखाद्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सभासदांची डीबीएफ उघडून त्यांची नोंद शोधा. तेथे अनुक्रमे २००, २१८, १८९, २२०, २०९ हे आकडे असतील (एडिटर ते सोळाच्या पायात दाखवील, ते दशमानात आणावे), तर ती शुद्ध इस्की आहे: प, काना, ट, दुसरी वेलांटी, ल. आकडे वेगळे निघाले तर घाबरू नका. या संकेतावलीचे पीसीसाठी केलेले आणखी एक रूप होते, ज्यात चौकटींच्या रेघा जागेवर ठेवून अक्षरे दुसरीकडे हलवलेली होती. तसे असल्यास रूपांतराचा तक्ता हाताने करावा लागेल; ओळखीची वीसपंचवीस आडनावे समोर ठेवली की तो एका बैठकीत होतो.

शुद्ध इस्की असेल तर काम फार कमी आहे, कारण विंडोजला ती आजही येते. देवनागरी इस्कीचा विंडोजमधला कोडपेज (संकेतावलीचा) क्रमांक ५७००२ आहे आणि पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-साधनातून तो क्रमांक देऊन फाइल वाचता येते. परंतु डीबीएफ फाइल थेट रूपांतरित करू नये. डीबीएफमध्ये प्रत्येक रकान्याची लांबी बाइटमध्ये ठरलेली असते. इस्कीत एका अक्षराला एक बाइट लागतो आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन, त्यामुळे सगळे रकाने सरकून रकमांचा चिवडा होईल. आधी लिबरऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफ उघडावी. ती संकेतावली विचारते, तेथे आयएसओ-८८५९-१ निवडावी, म्हणजे एकही बाइट बदलत नाही. मग त्याच संकेतावलीत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून साठवावी आणि त्या सीएसव्हीचे ५७००२ मधून यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करावे. रकमा आणि तारखा डीबीएफमध्ये साध्या इंग्रजी आकड्यांत असल्याने त्यांना धक्का लागत नाही.

रूपांतरानंतर गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर अशी नावे मुद्दाम पाहा. इस्कीत या ऱ ला वेगळा संकेत आहे, तो वापरलेला असेल तर नाव नीट येते. पण टंकणाऱ्याने साध्या र ने वेळ मारून नेली असेल तर ‘गोर्हे’ असे रफार चढलेले नाव मिळेल. तो दोष रूपांतराचा नाही, त्या काळच्या टंकनाचा आहे, आणि वारसाच्या कागदपत्रांशी नाव जुळवताना नेमका तोच आडवा येतो.

---

तेरीज

सर्वांचे मनापासून आभार. आज कार्यालय सुटल्यावर बसून बरेचसे पार पाडले, त्याचा वृत्तांत देतो.

खटखट यांची शंका खरी ठरली. व्हर्च्युअल मशीनमधील व्यवहारांची फाइल मूळ फाइलीपेक्षा मोठी झाली आहे, तिचे शेवटचे पान उघडून पाहिले तर बचत खात्यांवर एकामागून एक व्याजाच्या नोंदी आहेत आणि त्या सर्वांवर माझ्या त्या प्रयोगाच्या दिवसाची तारीख आहे. ती प्रत काढून टाकली. मूळ फोल्डर आता एका पेनड्राइव्हवर आणि एका डीव्हीडीवर असून दोन्ही तिजोरीत आहेत.

डॉसबॉक्स-एक्समध्ये बॅच फाइल केली: तारीख ३१ मार्च २००९, क्लिपरची ओळ, मग प्रोग्राम. ‘दिवस सुरू करायचा का?’ हा प्रश्न आलाच नाही, कारण त्याच्या हिशेबी तो दिवस आधीच सुरू होता. खतावणी उघडली. घाटमाथा म्हणाले त्याप्रमाणे जुन्या डिस्कवर ऑटोएक्झेक.बॅट सापडली आणि तिच्यात क्लिपरची ओळ होतीच, फक्त आकडा ८० होता. मीही तोच ठेवला.

छपाईला दोन वेळा अपयश आले. पहिल्यांदा मी शेअरचे नाव मराठीत दिले होते, ते इंग्रजी केल्यावर आज्ञा चालली. दुसऱ्यांदा ‘/बी’ टंकायचे राहिले. तिसऱ्या खेपेस उतारा निघाला. रिबन वाळली होती, त्यामुळे अक्षर फिके आहे, पण रकाने जागच्या जागी आहेत.

मराठी नावांत पाटलांची नोंद शोधली. आकडे २००, २१८, १८९, २२०, २०९ असेच निघाले. रूपांतर भाचा रविवारी करून देणार आहे. तोपर्यंत सभासद क्रमांकावरून काम चालवतो. सभासद नोंदवही कागदाची आहे आणि ती संगणकाच्या आधीची आहे. एक विचारायचे राहिले: पुढे कार्यालयातील दोन काउंटर खिडक्यांवर हाच प्रोग्राम एकाच वेळी उघडायचा झाला तर चालेल का?

---

खटखट

डॉसबॉक्स-एक्समध्ये फाइल लॉकिंगची सोय आहे, ती चालू करून दोन ठिकाणांहून एकच फोल्डर उघडता येतो. पण आपल्याला त्याची गरज दिसत नाही. नवीन नोंदी करायच्या नाहीत, तेव्हा दुसऱ्या खिडकीला फोल्डरची वेगळी प्रत द्यावी. एकाने दुसऱ्याची फाइल अडवण्याचा प्रश्न त्यात येत नाही, आणि संध्याकाळी दोन्ही प्रती पुसायच्याच आहेत.

रिबन बदलताना एक करा. जुन्या रिबनच्या डबीत तेल घालून ती जिवंत करण्याचा उपाय कुणी सुचवेल, तो करू नका. ते तेल हेडच्या पिनांत उतरते.

---

वेलांटी

रविवारी रूपांतर झाल्यावर एक पडताळणी अवश्य करा. डीबीएफमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या पहिल्या बाइटवर फुली असते आणि फाइल पॅक करेपर्यंत ती तेथेच पडून राहते. रूपांतर करणारी साधने अशा नोंदींशी सारख्या रीतीने वागत नाहीत, म्हणून सीएसव्हीतील ओळींची संख्या प्रोग्राममध्ये दिसणाऱ्या सभासदसंख्येशी ताडून पाहावी. संख्या जास्त भरली तर पुसलेल्या नोंदी आत आल्या आहेत. त्यांत एखादे बंद केलेले मुदत ठेवीचे खातेही असू शकते, आणि आपल्याकडे आलेल्या वारसांपैकी कुणी कदाचित तेच शोधत असेल. म्हणून त्या ओळी काढून टाकण्यापूर्वी वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात.